आल्बर्ट रेनॉल्ड्स: नाचघरांचा मालक ते आयर्लंडचा पंतप्रधान. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्बर्ट रेनॉल्ड्स कोण होते?

आयर्लंडच्या मध्यभागातल्या लाँगफर्ड परगण्याचे व्यापारी आणि फियाना फॉल पक्षाचे नेते. नाचघरं चालवली, कुत्र्यामांजरांच्या खाण्याचा कारखाना काढला, चाळिशी ओलांडल्यावर राजकारणात आले आणि फेब्रुवारी १९९२ ते डिसेंबर १९९४ या काळात पंतप्रधान राहिले. तीन वर्षंही पुरी नाहीत, पण तेवढ्यात ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये २५ वर्षं चाललेल्या रक्तपाताला पहिला मोठा विराम मिळाला. त्याच काळात त्यांनी स्वतःची दोन आघाडी सरकारंही मोडली. दोन्हीच्या मुळाशी एकच सवय होती, सौदेबाज व्यापाऱ्याची. पुढची बरीचशी उत्तरं त्या सवयीभोवतीच फिरतात.

'टीशॉक' म्हणजे पंतप्रधानच ना?

हो. आयरिश भाषेत त्या पदाला हेच नाव आहे, मूळ अर्थ टोळीचा नायक. इंग्रजी स्पेलिंग बघून लोक 'ताओसीच' असं काहीतरी वाचतात, तो उच्चार चूक. मराठी वाचकांना हे पद माहीत झालं २०१७ साली, मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर टीशॉक झाले तेव्हा. वराडकर फिने गेल पक्षाचे, म्हणजे रेनॉल्ड्स यांच्या पक्षाच्या जन्मजात प्रतिस्पर्ध्याचे. तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला 'डॉल' म्हणतात. सोयीसाठी आपण तिच्या सदस्यांना खासदार म्हणू.

गाव कुठलं? घरची परिस्थिती कशी होती?

जन्म ३ नोव्हेंबर १९३२ चा, रूस्की गावातला. शॅनन नदीच्या काठावरचं हे छोटं गाव रॉस्कॉमन आणि लिट्रिम या दोन परगण्यांच्या सीमेवर आहे आणि लाँगफर्डही जवळच. वडील गाड्या बांधणारे कारागीर. शिक्षण स्लायगोच्या समरहिल कॉलेजात, वसतिगृहात राहून. पुढे विद्यापीठ नाही. सी.आय.ई. या सरकारी वाहतूक कंपनीत कारकुनी मिळाली. पगार ठरलेला, म्हातारपणी पेन्शन, अर्धा देश इंग्लंडच्या बोटीत चढत होता त्या काळात अशी नोकरी म्हणजे लॉटरीच. ती त्यांनी सोडली, कारण नोकरीत असतानाच नाचघरांचा धंदा सुरू केला होता आणि पैसा त्यात दिसत होता.

नाचघरांचा धंदा नेमका कसा चालायचा?

'नाचघर' म्हटल्यावर आपल्याकडे डोळ्यांसमोर जे येतं ते आधी पुसून टाका. हे खेड्यापाड्यातल्या तरुण-तरुणींनी भेटण्याचं, जोडीनं नाचण्याचं आणि पुष्कळदा लग्न जुळण्याचं ठिकाण होतं. भिंतीच्या एका बाजूला मुलगे, समोरच्या बाजूला मुली, मध्ये मोकळं लाकडी फ्लोअर आणि टोकाला स्टेजवर शोबँड. दारू नाही. काउंटरवर ऑरेंज, लेमोनेड, चहा, बिस्किटं.

आल्बर्ट आणि त्यांचे भाऊ जिम यांनी १९५० च्या दशकात रूस्कीत क्लाउडलँड उभं केलं आणि मग साखळीच लावली: मोटमध्ये रोझलँड, अथायमध्ये ड्रीमलँड, मलिंगरमध्ये लेकलँड, रॉस्कॉमनमध्ये फेअरीलँड, लिमरिकमध्ये जेटलँड. सगळ्यांच्या शेवटी 'लँड', म्हणजे एक पाहिलेल्याला दुसरं ओळखीचं वाटावं. 'ब्रँड' हा शब्द खेड्यात पोचायच्या आधीची ही गोष्ट.

जागा निवडायची ती मोठ्या शहरात नव्हे, दोन-तीन परगण्यांच्या मध्ये. जमीन स्वस्त, आणि सायकलवर, नंतर गाडीत कोंबून लोक चारी बाजूंनी येत. १९३५ च्या कायद्यानुसार सार्वजनिक नाचासाठी जिल्हा न्यायालयाचा परवाना लागायचा. तिथे गावच्या धर्मगुरूनं हरकत घेतली की प्रकरण अडलंच, म्हणून बांधकामाआधी चर्चची समजूत काढणं हे अर्धं काम. रविवारची रात्र सर्वांत कमाईची. बँड काही महिने आधी बुक करायचा आणि पैशाचा सौदा बहुधा गल्ल्यातल्या हिश्श्यावर व्हायचा. साखळी असण्याचा खरा फायदा इथेच. एका नाचघराचा मालक बँडला एक रात्र देऊ शकतो, साखळीवाला ओळीनं चार-पाच रात्री देतो. मग बँड कमी भावात येतो आणि नावाजलेला बँड आधी कोणाकडे जाणार हेही ठरून जातं.

बिघडायचं कुठे? पहिली अडचण लेंटची. ईस्टरआधीच्या या उपवासकाळात जवळजवळ सात आठवडे नाच बंद. बँड इंग्लंड-अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांत निघून जात, मालकाचं कर्जाचं व्याज मात्र थांबत नसे. दुसरी अडचण परदेशी पाहुण्यांची. १९६३ साली अमेरिकी गायक जिम रीव्हज आयर्लंडभर फिरले तेव्हा गावोगावचे पियानो बेसूर असल्याची त्यांची तक्रार गाजली. जाहिरातीवर खर्च झालाय, हॉल तुडुंब भरलाय आणि पियानो लावून घ्यायचा राहिलाय, अशा वेळी तिकीट परत मागणाऱ्या गर्दीला तोंड देतो तो मालकच. तिसरी अडचण जीवघेणी ठरली. १९६० च्या अखेरीपासून हॉटेलांनी बारसकट नाच सुरू केले, मग डिस्को आले, आणि लेमोनेड विकणारे मोठमोठे हॉल ओस पडले. रेनॉल्ड्स त्याआधीच बाहेर पडले होते. धंद्यात शिरायचं कधी हे पुष्कळांना कळतं, निघायचं कधी हे त्यांना कळलं.

मग कुत्र्यामांजरांचं खाणं कुठून आलं?

मधल्या काळात त्यांनी बऱ्याच धंद्यांत हात घातला: डब्लिनमधला बेकनचा कारखाना, मासळीची निर्यात, हप्तेबंदीनं वस्तू देण्याचा व्यवसाय, 'लाँगफर्ड न्यूज' हे स्थानिक वृत्तपत्र. सगळेच चालले असं नाही. टिकला तो सी अँड डी फूड्स, एजवर्थस्टाउनचा पेट फूडचा कारखाना.

गणित सोपं होतं. आयर्लंडमध्ये कत्तलखाने भरपूर, म्हणजे माणसं खात नाहीत असा मांसाचा भाग स्वस्त आणि सतत उपलब्ध. गिऱ्हाईक समुद्रापलीकडे, ब्रिटनमध्ये. स्वतःच्या नावाची जाहिरात करण्यात पैसा घालवण्यापेक्षा ब्रिटिश सुपरमार्केटांना त्यांच्याच लेबलखाली डबे भरून द्यायचे. नफा डब्यामागे थोडा, पण माल प्रचंड. अशा धंद्यात धोका असतो चलनाचा. १९७९ पर्यंत आयरिश पौंड आणि ब्रिटिश पौंड (स्टर्लिंग) बरोबरीचे होते, त्यानंतर वेगळे झाले. स्टर्लिंग घसरला की ब्रिटनला विकणाऱ्या प्रत्येक आयरिश कारखान्याचा नफा वाफ होऊन जायचा. पुढे रेनॉल्ड्स पंतप्रधान असताना, सप्टेंबर १९९२ मध्ये स्टर्लिंग कोसळला आणि ३० जानेवारी १९९३ रोजी आयरिश पौंडाचं १० टक्के अवमूल्यन करावं लागलं. निर्यातदाराच्या खुर्चीतून हा प्रश्न कसा दिसतो हे त्या मंत्रिमंडळात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसावं.

राजकारणात ते कसे शिरले?

१९७० च्या शस्त्रास्त्र खटल्यापासून त्यांना राजकारणात रस वाटू लागला. उत्तर आयर्लंडसाठी चोरून शस्त्रं आणण्याचा कट केल्याचा आरोप त्यात चार्ल्स हॉही या माजी मंत्र्यावर होता. हॉही निर्दोष सुटले. रेनॉल्ड्स तोवर लाँगफर्डच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. १९७४ मध्ये ते काउंटी कौन्सिलवर निवडून आले, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखीच ती पायरी. १९७७ मध्ये लाँगफर्ड-वेस्टमीथमधून थेट डॉलमध्ये. त्या वर्षी फियाना फॉलला १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या होत्या. लाट मोठी असली की मागच्या बाकांवरची गर्दीही मोठी होते, आणि मंत्रिपद न मिळालेले नवे खासदार काय करतात हे वेगळं सांगायला नको.

तिथे निवडून यायला किती मतं लागतात?

पद्धत आपल्या विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीसारखी: मतपत्रिकेवर १, २, ३ अशी पसंती. फरक एवढाच की तिथे सामान्य मतदारही असंच मत देतो. एका मतदारसंघातून ३ ते ५ खासदार निवडले जातात.

कोटा असा काढतात: एकूण वैध मतांना, जागा अधिक एक या संख्येनं भागायचं आणि त्यात १ मिळवायचा. समजा ४ जागा आणि ५०,००० वैध मतं. ५०,००० भागिले ५ म्हणजे १०,०००, अधिक १. कोटा १०,००१. ज्याला त्याहून जास्त पडली त्याची जादा मतं पुढच्या पसंतीला जातात. कोणीच कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका वाटल्या जातात. मोजणीच्या दहा-बारा फेऱ्या होणं नेहमीचंच. शेवटच्या फेरीत मैदानात फक्त जागांइतकेच उमेदवार उरले तर कोट्याशिवायही माणूस निवडून येतो.

दुसऱ्या पसंतीचा खेळ आपल्यालाही परका नाही. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर जिंकले, आणि गिरींचं कायद्याचं शिक्षण झालं होतं डब्लिनमध्ये.

या पद्धतीत खरी कुस्ती असते स्वतःच्याच पक्षातल्या माणसाशी. पक्ष दोन-तीन उमेदवार देतो, मतदारसंघ भूगोलानुसार वाटून घेतो आणि कार्यकर्त्यांना सांगतो, या भागात पहिली पसंती याला, दुसरी त्याला. सीमेवरच्या गावांत एकमेकांची मतं पळवली जातात. १९८२ च्या नोव्हेंबरपासून रेनॉल्ड्स यांना मतदारसंघातच सोबत होती मेरी ओ'रूर्क यांची. त्या अथलोनच्या, हे लाँगफर्डचे. एकाच पक्षाचे, दोघेही मंत्री झालेले, दोघांचीही नजर वर. या नात्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

ग्रामीण खासदार रोज काय करतो?

शनिवार-रविवारी 'क्लिनिक' भरवतो. डॉक्टरचं नव्हे. शाळेच्या खोलीत, पबच्या मागच्या बाजूला किंवा हॉटेलात बसायचं आणि लोकांची कामं लिहून घ्यायची: पेन्शन अडकली, घराचं अनुदान, रस्त्याला खड्डा, टेलिफोनचा अर्ज. १९७० च्या दशकात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. सोमवारी डब्लिनला जाऊन खात्यांना पत्रं, मग उत्तराची प्रत मतदाराला. काम त्याच्या पत्रामुळे झालं की आपोआप, हे मतदाराला कळत नाही, प्रत मात्र घरात जपून ठेवली जाते. शिवाय अंत्ययात्रा. खेड्यातला आयरिश खासदार मयताला गेला नाही तर ते लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

'कंट्री अँड वेस्टर्न' गट म्हणजे काय?

१९७९ मध्ये पंतप्रधान जॅक लिंच यांना घालवून हॉहींना नेतेपदी आणण्यासाठी पाच खासदारांनी जुळवाजुळव केली: रेनॉल्ड्स, शॉन डोहर्टी, मार्क किलिली, टॉम मॅकएलिस्ट्रिम आणि जॅकी फेही. बहुतेक ग्रामीण भागातले. डब्लिनच्या पत्रकारांनी अशा मंडळींना हे हेटाळणीचं नाव दिलं. रेनॉल्ड्स यांनी स्वतःच त्याला खतपाणी घातलं: मंत्री असताना दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात काउबॉयच्या वेषात त्यांनी जिम रीव्हज यांचं टेलिफोनवरचं गाजलेलं गाणं म्हटलं. त्या वेळी ते टेलिफोन खात्याचेच मंत्री होते. शहरात हसू झालं. गावाकडे मात्र कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मंत्री म्हणून त्यांनी काय केलं?

डिसेंबर १९७९ मध्ये डाक-तार, लगेच पुढच्या महिन्यात वाहतूकही. १९८२ मध्ये उद्योग व ऊर्जा, १९८७ मध्ये उद्योग-वाणिज्य, नोव्हेंबर १९८८ पासून अर्थ. टेलिफोनच्या जाळ्यावर मोठा पैसा ओतला गेला त्याची सुरुवात त्यांच्याच काळातली.

२ मे १९८१ रोजी डब्लिनहून लंडनला निघालेलं एअर लिंगसचं विमान एका माणसानं पळवून फ्रान्समधल्या ल तुके इथे उतरवलं. मागणी काय? फातिमाचं तिसरं रहस्य (पोर्तुगालमधल्या फातिमा गावात मेरीमातेनं मुलांना सांगितलं अशी श्रद्धा असलेलं गुपित) पोपनं जाहीर करावं! वाहतूकमंत्री म्हणून रेनॉल्ड्स यांना हे निस्तरावं लागलं. फ्रेंच कमांडोंनी विमानात शिरून अपहरणकर्त्याला पकडलं, कोणाला इजा झाली नाही.

खात्यात त्यांची ओळख होती 'एका कागदाचा माणूस'. टिपण एका पानात बसलं पाहिजे, नाहीतर वाचणार नाही. निर्णय तिथल्या तिथे. अधिकाऱ्यांना आधी हे आवडलं. मग निर्यात विम्याचं प्रकरण झालं.

निर्यात विमा आणि बीफचं प्रकरण काय होतं?

लांबचं आहे, पण समजून घेण्यासारखं.

आयर्लंडचा व्यापारी इराकला गोमांस विकतो. माल गेला, इराकनं पैसे बुडवले तर? अशा वेळी सरकार विमा देतं: परदेशी ग्राहकानं पैसे दिले नाहीत तर बहुतांश रक्कम सरकार भरेल. व्यापारी थोडा हप्ता भरतो, जोखीम करदात्याची. हा विमा नसेल तर बँक कर्जही देत नाही, म्हणून तो मिळणं म्हणजेच धंदा मिळणं.

१९८७-८८ मध्ये उद्योग-वाणिज्यमंत्री म्हणून रेनॉल्ड्स यांनी इराकसाठीच्या विम्याची मर्यादा वाढवली. इराण-इराक युद्ध सुरू होतं आणि अधिकाऱ्यांनी धोक्याची सूचना दिली होती. विम्याचा फार मोठा वाटा लॅरी गुडमन यांच्या समूहाला आणि हायबर्निया मीट्स या कंपनीला मिळाला, बाकीच्यांना नकार. नंतर असंही उघड झालं की विमा उतरवलेल्या मांसाचा मोठा भाग आयर्लंड प्रजासत्ताकाबाहेरून आला होता. म्हणजे आयरिश करदाता दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याच्या मालाची जोखीम घेऊन बसला होता. १९८९ मध्ये नवे मंत्री डेस ओमॅली यांनी ते विमाछत्र रद्द केलं, गुडमन कोर्टात गेले. १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला आणि वसुलीची आशाच संपली.

१९९१ मध्ये न्यायमूर्ती लियाम हॅमिल्टन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. रेनॉल्ड्स यांचं म्हणणं सरळ होतं: निर्यात वाढवणं देशाच्या हिताचं आहे असं मला वाटलं आणि निर्णयाचा अधिकार माझा होता. त्यांनी स्वतःसाठी पैसे घेतल्याचं आयोगाला आढळलं नाही. पण धोक्याचा सल्ला डावलून दोघांनाच एवढं मोठं छत्र का, याचं समाधानकारक उत्तर 'एका कागदात' मावणारं नव्हतंच. स्वतःच्या पैशानं जोखीम घेणारा व्यापारी आणि तिजोरीच्या पैशानं तीच जोखीम घेणारा मंत्री यांत जो फरक असतो, तो आमच्या मते त्यांना शेवटपर्यंत पटला नाही.

पंतप्रधानपद कसं मिळालं?

नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांनी पंतप्रधान हॉहींविरुद्धच्या पक्षांतर्गत अविश्वासाला पाठिंबा दिला. हॉही ५५ विरुद्ध २२ मतांनी वाचले आणि रेनॉल्ड्स यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आलं. जानेवारी १९९२ मध्ये शॉन डोहर्टी यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की १९८२ मधल्या पत्रकारांच्या फोन टॅपिंगची हॉहींना माहिती होती. हॉही गेले. नेतेपदाच्या मतदानात रेनॉल्ड्स यांना ६१, मायकेल वुड्स यांना १० आणि मेरी ओ'रूर्क यांना ६ मतं.

११ फेब्रुवारी १९९२ ला शपथ, आणि त्याच दिवशी आधीच्या मंत्रिमंडळातले आठ जण घरी. त्यांत ओ'रूर्कही होत्या. नंतर त्यांना राज्यमंत्रिपद मिळालं. मालक बदलला की जुने मॅनेजर काढायचे, हा कंपनीचा रिवाज झाला. पण काढलेला मॅनेजर दुसरीकडे नोकरी शोधतो, काढलेला मंत्री मागच्या बाकावर बसून वाट बघतो.

पहिलं सरकार का पडलं?

प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स हा छोटा पक्ष सोबत होता आणि त्याचे नेते तेच ओमॅली. या आघाडीला रेनॉल्ड्स यांनी आधीच 'तात्पुरती छोटीशी व्यवस्था' म्हणून हिणवलं होतं. ओमॅलींनी आयोगापुढे विम्याच्या निर्णयांवर टीका केली. रेनॉल्ड्स यांनी साक्षीत त्यांच्या साक्षीला 'अप्रामाणिक' म्हटलं. शपथेवर दिलेल्या साक्षीबद्दल असं म्हटल्यावर मित्रपक्ष राहील कसा? २५ नोव्हेंबर १९९२ च्या निवडणुकीत फियाना फॉल ७७ वरून ६८ वर आला, लेबर पक्ष १५ वरून ३३ वर.

सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं. ते डिसेंबरात एडिंबरोच्या युरोपीय शिखर बैठकीला गेले आणि ८ अब्ज पौंडांचा युरोपीय निधी आणल्याचं जाहीर करून परतले. नंतर ब्रसेल्सशी घासाघीस होऊन तो आकडा खाली आला, पण तोवर लेबरचे डिक स्प्रिंग आघाडीला तयार झाले होते. १६६ पैकी १०१ जागा.

उत्तर आयर्लंडच्या शांततेत त्यांचा वाटा किती?

मोठा. उत्तरेतले राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम आणि आयआरए या सशस्त्र संघटनेची राजकीय बाजू असलेल्या शिन फेन पक्षाचे जेरी अॅडम्स यांची बोलणी आधीपासून सुरू होती, फादर अॅलेक रीड हे धर्मगुरू निरोप्याचं काम करत होते, मार्टिन मॅन्सर हे इतिहासाचे अभ्यासक सल्लागार म्हणून मसुदे घडवत होते. रेनॉल्ड्स यांनी या वाटेवर स्वतःची खुर्ची पणाला लावली.

इथे त्यांची सौदेबाज सवय कामी आली. ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांची ओळख दोघे अर्थमंत्री असताना युरोपीय बैठकांत झालेली. दोघांनीही विद्यापीठ पाहिलेलं नाही. फोन उचलायचा आणि बोलायचं. ऑक्टोबर १९९३ मध्ये शँकिल रोडवरच्या मासळीच्या दुकानात आयआरएचा बॉम्ब फुटला, नऊ नागरिक आणि बॉम्ब ठेवणारा एक असे दहा मेले. आठवड्याभरात ग्रेस्टीलच्या बारमध्ये लॉयलिस्टांनी, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या सशस्त्र गटांनी, आठ जणांना मारलं. बोलणी तुटतील असंच वाटत होतं. ३ डिसेंबरला डब्लिन कॅसलमध्ये दोन्ही पंतप्रधानांत कडाक्याचं भांडण झालं. आणि १५ डिसेंबरला दोघांनी डाउनिंग स्ट्रीट जाहीरनाम्यावर सही केली.

त्याचा गाभा दोन वाक्यांत. ब्रिटन म्हणालं, उत्तर आयर्लंडमध्ये आमचा स्वार्थी, सामरिक वा आर्थिक हेतू नाही. आयर्लंडचं भवितव्य तिथल्या दोन्ही भागांतली जनता ठरवेल. आयर्लंड म्हणालं, उत्तरेतल्या बहुमताच्या संमतीशिवाय एकीकरण होणार नाही. शब्द इतके तोलून मापून बसवलेत की दोन्ही बाजूंना आपापल्या गावात जाऊन ते वाचता यावेत. लॉयलिस्टांकडचा रस्ता रॉय मॅगी या धर्मोपदेशकांमार्फत उघडला, ही गोष्ट बरेचदा विसरली जाते.

जानेवारी १९९४ मध्ये शिन फेनवरची प्रसारणबंदी संपू दिली. अॅडम्स यांना अमेरिकेचा व्हिसा द्यावा म्हणून क्लिंटन यांच्याकडे आग्रह धरला. लंडनला ते मुळीच रुचलं नाही. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएनं युद्धविराम जाहीर केला. सहाच दिवसांनी डब्लिनमध्ये सरकारी इमारतीबाहेर रेनॉल्ड्स, ह्यूम आणि अॅडम्स यांनी हात मिळवले. १३ ऑक्टोबरला लॉयलिस्ट गटांचाही युद्धविराम आला.

येल्त्सिन विमानातून उतरलेच नाहीत, ते खरं का?

खरं. ३० सप्टेंबर १९९४, शॅनन विमानतळ. लाल गालिचा, बँड, सैनिकी मानवंदना आणि विमानाच्या शिडीखाली रेनॉल्ड्स. दार उघडलं, रशियाचे राष्ट्राध्यक्ष सोडून बाकीचे उतरले. तब्येत बरी नाही, असं सांगण्यात आलं. स्वतः आयुष्यभर दारूला न शिवलेल्या रेनॉल्ड्स यांनी जाहीरपणे काही वावगं म्हटलं नाही.

एवढ्या यशानंतर अडीच महिन्यांत सरकार कसं गडगडलं?

पहिली ठिणगी २९ जुलैची. बीफ आयोगाचा जाडजूड अहवाल आला. लेबरच्या मंत्र्यांनी वाचण्याआधीच, रातोरात, रेनॉल्ड्स यांच्या माणसांनी अनुकूल वाक्यं उचलून 'निर्दोष' अशी बातमी पत्रकारांना दिली. स्प्रिंग यांचा विश्वास त्या रात्री उडाला.

मग महाधिवक्ता हॅरी व्हेलिहन यांना उच्च न्यायालयाचं अध्यक्षपद देण्याचा हट्ट. लेबरला ते मान्य नव्हतं. त्यातच कळलं की लहान मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूला उत्तर आयर्लंडच्या पोलिसांच्या हवाली करण्याचा अर्ज महाधिवक्त्यांच्या कार्यालयात सात महिने पडून होता. ११ नोव्हेंबरला लेबरचे मंत्री बैठकीतून उठून गेले, तरी नेमणूक झालीच. हे नव्या कायद्याखालचं पहिलंच प्रकरण म्हणून वेळ लागला, असं समर्थन होतं. मग आधीचं असंच एक प्रकरण सापडलं आणि ती माहिती सभागृहाला वेळेवर दिली गेली नव्हती. १७ नोव्हेंबरला व्हेलिहन यांनी आणि रेनॉल्ड्स यांनी राजीनामे दिले. मोठे अडथळे पार होतात आणि माणूस लहानशाला ठेचकाळतो, अशा अर्थाचं ते त्या वेळी बोलले. सात महिने पडून राहिलेला अर्ज लहान नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

पासपोर्ट विकण्याचं प्रकरण काय?

त्या काळी ठरावीक गुंतवणूक करणाऱ्या परदेशी व्यक्तीला आयरिश नागरिकत्व मिळू शकायचं. मासरी नावाच्या अरब उद्योजक कुटुंबानं ११ लाख पौंड घातले ते सी अँड डी फूड्समध्ये, कर्जाच्या रूपात. योजना कायदेशीर होती आणि या व्यवहारात आपला हात नव्हता, असं रेनॉल्ड्स यांनी सांगितलं. पण पंतप्रधानाच्या कुटुंबाची कंपनी आणि देशाचं नागरिकत्व एकाच वाक्यात आलं की खुलासा कितीही खरा असो, ऐकणारा आधीच मान हलवत असतो.

'रेनॉल्ड्स डिफेन्स' म्हणून कायद्यात जे शिकवतात ते याच रेनॉल्ड्स यांचं?

याच. पण नाव त्यांचं आणि फायदा वृत्तपत्रांचा.

नोव्हेंबर १९९४ मध्ये संडे टाइम्सनं त्यांना 'गोंबीन मॅन' म्हणत सभागृहाची दिशाभूल केल्याचा आरोप केला. आयरिशमध्ये 'गाइंबीन' म्हणजे व्याज. दुष्काळानंतर खेड्यात दुकानही चालवणारा आणि उधारीवर लोकांना बांधून ठेवणारा जो सावकार, तो गोंबीन मॅन. मराठी वाचकाला याहून जास्त समजावायची गरज नाही. ग्रामीण व्यापाऱ्याला ही शिवी किती झोंबेल!

लंडनमध्ये दावा चालला. १९९६ मध्ये ज्युरीनं आरोप खोटा ठरवला आणि भरपाई दिली शून्य. न्यायाधीशांनी ती एक पेनी केली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये लॉर्ड निकल्स यांनी दहा कसोट्या सांगितल्या: आरोप किती गंभीर, माहिती कोणाकडून आली, पडताळणी केली का, समोरच्याची बाजू विचारली का, ती छापली का, भाषा कशी होती, वगैरे. या कसोट्यांवर उतरलेल्या जबाबदार पत्रकारितेला चूक झाली तरी संरक्षण मिळेल. गंमत अशी की या दाव्यात वृत्तपत्र स्वतःच त्यात बसलं नाही, कारण ब्रिटनच्या आवृत्तीत रेनॉल्ड्स यांचा खुलासाच नव्हता. २०१३ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये या बचावाची जागा नव्या तरतुदीनं घेतली.

राष्ट्राध्यक्षपद का हुकलं?

१९९७ मध्ये पक्षाची उमेदवारी मिळेल असं त्यांनी धरलं होतं. पहिल्या फेरीत रेनॉल्ड्स ४९, मेरी मॅकअलीस ४२, मायकेल ओ'केनेडी २१. ओ'केनेडी बाद झाले आणि दुसऱ्या फेरीत मॅकअलीस ६२, रेनॉल्ड्स ४८. ओ'केनेडी हे १९९२ मध्ये त्यांनीच घरी पाठवलेल्या आठ जणांपैकी एक.

शेवटची वर्षं?

२००२ पर्यंत खासदार, मतदारसंघ आता लाँगफर्ड-रॉस्कॉमन. पत्नी कॅथलीन, सात मुलं. अल्झायमर झाल्याचं कुटुंबानं २०१३ मध्ये सांगितलं. २१ ऑगस्ट २०१४ रोजी निधन. चार दिवसांनी डब्लिनच्या डॉनीब्रुकमधल्या चर्चमध्ये सरकारी इतमामानं प्रार्थना झाली. अॅडम्स आले होते, ह्यूम आले होते, आणि इंग्लंडहून जॉन मेजर.